पुठ्ठ्याची मांडणी

सांगलीला माझ्या माहेरी स्वयंपाकघरात पत्र्याची मांडणी होती. पत्रा इतका पातळ की अंगठ्याने दाबला तर टक् असा आवाज व्हायचा, आणि त्यावर आईचे पितळी डबे, घागर, परात, सगळा संसार. लहानपणी मला याचं नवल वाटायचं नाही. आता वाटतं. बडोद्याला संसार करून मला तीस वर्षं होत आली, इथे सगळे ‘स्टँड’ म्हणतात, पण मी अजून मांडणीच म्हणते. दुकानाच्या गल्ल्याशेजारी वेफर्सची, बिस्किटांची रंगीत पुठ्ठ्याची जी उभी मांडणी असते ना, तीसुद्धा माझ्यासाठी मांडणीच. तिचीच ही गोष्ट आहे. विषय अगदी क्षुल्लक वाटेल, पण आमच्या सात जणींचे दोन महिन्यांचे पैसे तिच्यावर उभे होते.

आम्ही सात जणी मिळून खाकरा, भाजणी, मेतकूट आणि मुखवास करतो. चार गुजराती, तीन मराठी. खाकरा त्यांचा, भाजणी-मेतकूट आमचं, हिशेब सगळ्यांचा. वर्षभर ओळखीपाळखीत माल जातो, पण खरा हंगाम चातुर्मास. हिरव्या भाज्या बंद, कंदमुळं तर आधीपासूनच बंद, मग ताटात खाकऱ्याला मान येतो. त्यात श्वेतांबर पर्युषण आणि लागून भाद्रपद शुद्ध पंचमीपासून आमचं दशलक्षण. पीठ पावसाळ्यात तीनच दिवस चालतं, ही मर्यादा काटेकोर पाळणारी घरं आमच्या पाकिटाकडे वळूनही बघत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण बाकीच्या घरांत, नोकरीवाल्या सुनांच्या घरांत, शिकायला आलेल्या मुलींच्या खोल्यांत आमचं पाकीट जातं.

रावपुऱ्याकडच्या एका किराणा दुकानाच्या शेठनी आषाढात आम्हाला जागा दिली. गल्ल्याच्या डाव्या हाताला, तीन फूट रुंद. अशा जागेसाठी मोठ्या कंपन्या पैसे मोजतात. आम्हाला फुकट मिळाली, कारण शेठांच्या घरी आमचा खाकरा जायचा. अट एकच, दिसायला नीटनेटकं पाहिजे, नाहीतर दुसऱ्या कुणाचं स्टँड येईल. लोखंडी मांडणी घ्यायला आमच्याकडे पैसे नव्हते, म्हणून शेठनीच गोदामातून एका वेफर्स कंपनीची रिकामी झालेली पुठ्ठ्याची मांडणी काढून दिली. चार फळ्या, पाच फूट उंच, छान पिवळी. आम्ही तिला आमचा कागद चिकटवला, वर ‘जयजिनेंद्र’ लिहिलं.

नवव्या दिवशी दुसऱ्या फळीला झोळ पडला.

कोसळली नाही, म्हणजे तसा अपघात नाही. मधोमध चार बोटं खाली आली, एवढंच. पण पाकिटं घरंगळून मधे गोळा झाली, एकमेकांवर रेलली, आणि खाकऱ्याचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. एक पाकीट हातात घेतलं तर आत नुसता चुरा. शिवाय दुसरी गोष्ट अशी, की वाकलेली फळी दिसली की गिऱ्हाइकाला माल शिळा वाटतो. का ते विचारू नका, मलाही वाटतो. शेठ रागावले नाहीत, हसून म्हणाले, ‘‘बेन, पूंठानुं छे, केटलुं चाले?’’ त्या हसण्याचा अर्थ आम्हाला कळला. आमच्यातल्या एका भाभीला नवरा जाऊन सहा वर्षं झालीत. दीर-जावेच्या घरात राहते, सगळं व्यवस्थित आहे, पण स्वतःच्या हातात येणारे पैसे म्हणजे हेच. ती त्या दिवशी काही बोलली नाही. चुऱ्याची पाकिटं वेगळी करत बसली.

‘पुठ्ठ्याचं आहे, किती चालणार’ हे वाक्य मला पटत नव्हतं. २००१ च्या २६ जानेवारीचा भूकंप बडोद्यातही जाणवला होता, आमच्या इमारतीतून सगळे खाली धावलो होतो. पुढे त्याच वर्षी भूजमध्ये शिगेरू बान नावाच्या जपानी वास्तुकाराने घर गमावलेल्यांसाठी जाड कागदाच्या नळ्या उभ्या करून भिंतींची घरं बांधली. त्याआधी १९९५ मध्ये जपानात कोबेच्या भूकंपानंतर त्याने तशीच घरं बांधली होती. तिथे पायाला बाटल्यांचे प्लास्टिकचे क्रेट वाळूच्या पिशव्या भरून ठेवले, भूजमध्ये पडलेल्या घरांचाच राडारोडा पायात घातला. कागदाच्या भिंतीत माणसं राहू शकतात, तर कागदाच्या फळीवर पाच किलो खाकरा का राहू नये?

आमच्या बिल्डिंगमधल्या एक काकू पूर्वी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत खोक्यांच्या कारखान्यात हिशेब लिहायच्या. त्यांनी मांडणीची फळी नुसती हातात धरली आणि म्हणाल्या, ‘‘अगं, ही वेफर्ससाठी केलेली. वेफर्सच्या पाकिटात निम्मी हवा असते. आणि स्कीम संपली की फेकून द्यायची, महिन्या-दीड महिन्याची हिची आयुर्मर्यादा. तुम्ही तिच्यावर भाजणी ठेवली!’’ खरंच होतं. अर्ध्या किलोची वीस पाकिटं म्हणजे दहा किलो. ती आम्ही खाली ठेवायला सांगितली होती, पण दुकानातल्या पोराने डोळ्यांसमोर येतात म्हणून वरच्या फळीवर, तीही मधोमध रचली. त्याचं दुकानदारीचं गणित बरोबर, पुठ्ठ्याचं चुकलं.

काकूंनी मग एक खोकं फाडून आम्हाला दाखवलं. दोन सपाट कागद आणि मधे पन्हळीचा कागद. याला थ्री-प्लाय म्हणतात. दोन पन्हळी आणि तीन सपाट असले की फाइव्ह-प्लाय. मधला कागद नऊवारीच्या निऱ्यांसारखा एकाशेजारी एक उभा असतो. गंमत म्हणजे १८५६ साली इंग्लंडमध्ये या चुणीदार कागदाचं पेटंट घेतलं गेलं ते खोक्यासाठी नव्हे, पुरुषांच्या उंच टोप्यांना आतून अस्तर लावायला. पंधरा वर्षांनी, १८७१ मध्ये, न्यूयॉर्कच्या एकाने तो बाटल्या आणि कंदिलाच्या काचा गुंडाळायला वापरला, आणि १८७४ मध्ये त्याला सपाट कागदाची जोड मिळाली. टोपीतून निघालेला कागद आज जगाचा माल वाहतो आहे.

तुम्हीही करून बघा. खोक्याचा वीतभर चौकोनी तुकडा कापा, पन्हळी उभ्या येतील असा टेबलावर उभा धरा आणि वरून तळव्याने दाबा. दाद देत नाही. आता तोच तुकडा फिरवून पन्हळी आडव्या करा आणि दाबा. मऊ भाकरीसारखा दुमडतो. म्हणून मांडणीच्या बाजूच्या भिंती, आणि जो काही टेकू तुम्ही द्याल तो, पन्हळी उभ्या ठेवूनच कापायचा. आमच्यातल्या एका ताईने घाईत पहिला टेकू आडवा कापला होता, तो तिथेच बसला.

टेकू मधोमध दिला, हे पहिलं काम. त्यामागचं गणित मला माझ्या भाच्याने समजावलं, तो इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो. फळीवर सारखं वजन पसरलेलं असेल, तर दोन आधारांमधलं अंतर निम्मं केल्यावर झोळ निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो. मी त्याला दोनदा विचारलं. सोळावा हिस्साच. तीन फुटांच्या फळीला दीड फुटावर एक टेकू, की चार बोटांचा झोळ पाव बोटावर येतो. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात तुम्ही गेला असाल तर आठवेल. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून जी ग्रंथालयं उभी केली, त्यातलं हे मुख्य. पुस्तकांच्या त्या पोलादी मांडण्या आणि मधल्या मजल्यांची जाड काचेची जमीन पाहायला मी पाहुण्यांना घेऊन जाते. जगभर ग्रंथालयात फळीची लांबी साधारण तीन फूट ठेवतात, ती झोळासाठीच. लोखंडाला जिथे तीन फूट पुरे, तिथे वेफर्सवाल्यांनी पुठ्ठ्याला तीन फूट दिले होते. वेफर्सना चालतं ते, हवाच तर असते.

दुसरं काम पुढच्या कडेचं. इथे मला आईची मांडणी आठवली. तो पातळ पत्रा एवढं वजन कसा पेलायचा? त्याची पुढची कड खाली वळवून परत आत मुडपलेली होती. पत्रा सपाट असता तर वाकला असता, कड उभी होती म्हणून राहिला. पुठ्ठ्याचंही तेच. सपाट ठेवला तर लवतो, उभा धरला तर लवत नाही. आणि उभी पट्टी एक इंचाऐवजी दोन इंच केली, जाडी तीच ठेवली, तर ताठपणा दुप्पट नाही, आठपट होतो. आमच्या फळीला पुढे जेमतेम पाऊण इंचाची कड होती, तीही किंमत छापायला. आम्ही नवी फळी कापली, पुढे दोन इंच खाली, मग आत, मग वर अशी दुमडत नेऊन चौकोनी नळीच केली. दुमडायच्या रेषेवर सुरी लावायची नाही, बरं का. कागद कापला की जोर गेला. पोळपाटावर पट्टी धरून चमच्याच्या दांड्याने रेघ दाबायची आणि त्या रेघेवर मोडायचं.

मंगळ बाजारातल्या कापडवाल्यांकडे कापडाचे तागे ज्यावर गुंडाळून येतात त्या जाड कागदी नळ्या पडून असतात. त्या आणल्या. मोजून कापून पुढच्या चौकोनी घडीत एकेक सारली. भूजच्या घरांची अगदी धाकटी नात म्हणा ना. कापडवाले आधी हसले. नंतर ठेवून द्यायला लागले.

डिंकाचं काम सगळ्यांत रेंगाळलं, कारण त्यात वाद झाला. दोन पुठ्ठे नुसते एकावर एक ठेवले तर ते एकमेकांवरून सरकतात आणि जवळजवळ वेगवेगळेच वाकतात. अंगभर चिकटवले तर एकजीव होऊन कितीतरी ताठ होतात. चार कोपऱ्यांना ठिपके लावून भागत नाही. मग लावायचं काय? आकाशकंदिलाला करतो तशी मैद्याची खळ स्वस्त पडली असती. पण खळीला कसर लागते, झुरळं येतात, आणि खाण्याच्या वस्तूंशेजारी तर नकोच. जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत, म्हणजे किडा मरेल. आमच्यातल्या एकीने ते सुचवताच बाकी सहा जणींनी तिच्याकडे असं बघितलं की ती स्वतःच हसायला लागली. आपणच खाऊ मांडून जिवाला बोलवायचं आणि विष घालून मारायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? सरस तर विचारायलाच नको, तो हाडा-चामड्याचा. सुतारांच्या हातून सरस सुटला तो १९५९ मध्ये फेविकॉल आल्यानंतर हळूहळू. (मुंबईत गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला तेही १९५९च. मला हा योगायोग फार आवडतो.) आम्ही फेविकॉल आणला, थोडं पाणी घालून जुन्या रंगाच्या ब्रशने पातळ पसरला, आणि वर पिठाचे डबे ठेवून रात्रभर दाबला. पाणी जास्त झालं की पुठ्ठा फुगतो आणि वाळताना मुरडतो, तेवढं सांभाळायचं.

आता पावसाळ्याचं. पुठ्ठ्याचा खरा वैरी वजन नाही, दमटपणा. कागद हवेतलं पाणी पितो आणि सैल होतो. आतल्या पन्हळी चिकटवलेल्या असतात त्या स्टार्चने, म्हणजे पुन्हा पिठाच्या जातीचंच काहीतरी, तेही ओलाव्याने मऊ पडतं. शिवाय ठेवलेलं वजन वाढलं नाही तरी झोळ रोज थोडा थोडा वाढत जातो. दिवसा दुकानात एसी, रात्री बंद, म्हणजे दिवसा कोरडं आणि रात्री दमट. हे आलटून पालटून होणं नुसत्या दमटपणाहून वाईट. म्हणजे बघा, आमचा माल जेव्हा सगळ्यांत जास्त खपतो, नेमकी तेव्हाच आमची फळी सगळ्यांत दुबळी. चातुर्मासाने दोन्ही एकाच वेळी आणलं.

त्याहून वाईट म्हणजे फरशी पुसणं. दुकानात रोज दोनदा ओलं फडकं फिरतं. मांडणीचा पाय ते पाणी वर ओढतो, समईच्या वातीसारखा. पंधरा दिवसांत खालची चार बोटं काळी, मऊ. मग वरच्या फळ्या कितीही मजबूत करा, पायच बसला तर काय? आम्ही कापलेल्या सगळ्या कडांवर साधी मेणबत्ती घासली. पांढरी मेणबत्ती पॅराफिनची असते, मधमाशीच्या मेणाची नाही, ते एका भाभीने डबीवर वाचून खात्री करून घेतलं. खाली ब्राऊन टेप गुंडाळली. आणि अख्खी मांडणी कोल्ड्रिंकच्या दोन पालथ्या क्रेटांवर चढवली. कोबेची आठवण ठेवून मी क्रेट म्हटलं, पण खरं सांगायचं तर दुकानामागे तेच पडलेले होते.

वजनाचा एक उपाय धर्मानेच दिला. श्वेतांबर घरांत खाकऱ्याचा काळ पाळतात, हिवाळ्यात तीस दिवस, उन्हाळ्यात वीस, पावसाळ्यात पंधरा. आमच्यातल्या भाभींचा आग्रह होता की पाकिटावर केल्याची तारीख मोठ्या अक्षरात पाहिजेच. तारीख लिहिल्यावर माल साठवून ठेवण्यात अर्थ उरला नाही. एका फळीवर चोवीसऐवजी बारा पाकिटं ठेवायची आणि दर तिसऱ्या दिवशी भरायची, असं ठरलं. फेऱ्या वाढल्या, रिक्षाचे पैसे वाढले, कुरकुर झाली. पण फळीवरचं ओझं निम्म्यावर आलं, आणि ताजा माल आहे हे लोकांना दिसू लागलं. भाजणी सगळ्यांत खाली गेली. दुकानातल्या पोराला आम्ही चिवडा नेऊन दिला आणि समजावलं. त्याला ‘सोळावा हिस्सा’ फार आवडला, तो आता गिऱ्हाइकांना सांगतो.

सगळं नीट झालं असं मात्र नाही. ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीला पूर आला तो बडोद्यातला कुणी विसरणार नाही. २६ तारखेपासून तीन-चार दिवस शहराचे कितीतरी भाग पाण्यात, वीज नाही, मगरी रस्त्यावर. श्वेतांबर पर्युषण जेमतेम चार-पाच दिवसांवर. शेठांच्या दुकानात घोट्याच्या वर पाणी शिरलं. पाणी उतरल्यावर आम्ही तिघी गेलो. क्रेटांची निम्मी उंची चिखलाने माखली होती, मांडणीचा पाय कोरडा होता. वरच्या दोन फळ्या सरळ. तिसरीची पुढची घडी मात्र दमटपणाने सुटली होती, नळी बाहेर डोकावत होती, आणि बारा पाकिटं तिरकी. शेजारी एका कंपनीचं नवंकोरं स्टँड गुडघ्यात मोडून बसलं होतं. त्याच्यासाठी मला वाईट वाटलं, खरंच.

माल सगळा बाजूला काढावा लागला. पाकिटं फाटलेली नव्हती, विकलीही गेली असती. पण चार दिवस बंद दुकानात, त्या कुबट हवेत राहिलेला खाकरा व्रताच्या दिवसांत लोकांच्या घरी पाठवायचा नाही, हे कुणी मोठ्याने म्हणायची गरज पडली नाही. सात जणींच्या हिशेबात तो आकडा लाल शाईने आहे. रात्री चूल पेटवायची नाही हा नेम, त्यात वीज कधी येईल कधी जाईल. पहाटे उजाडल्यावर लाटायला बसायचं आणि सूर्यास्ताआधी भाजून मोकळं व्हायचं. पर्युषणाच्या आदल्या दिवशी दुपारी अठ्ठेचाळीस पाकिटं मांडणीवर चढली. तिसरी फळी भाभीने स्वतः नवी केली, कुणाला हात लावू दिला नाही. घडीवर तिने टेप नाही लावली, सुई-दोऱ्याने टाके घातले, गोधडीला घालतो तसे. सुईने पुठ्ठ्याला भोकं पडतात, जोर कमी होतो, असं मी म्हटलं. ती म्हणाली, ‘‘डिंक पाण्याने सुटतो ताई, दोरा नाही सुटत.’’ भोकं जवळजवळ पाडली तर फाटतं, लांब पाडली तर चालतं. तिने लांब पाडली होती.

ती फळी अनंत चतुर्दशीपर्यंत टिकली. त्यानंतर शेठनी जागा काढून घेतली नाही, एवढंच बोलले की दिवाळीत दोन आठवडे मिठाईवाल्याला द्यावी लागेल, मग परत तुमची. मांडणी दोन आठवडे आमच्या जिन्याखाली होती.

यंदा मकरपुऱ्यातून फाइव्ह-प्लायचे सहा ताव आणलेत. चारही फळ्या नव्या. मधला टेकू आता दोन ठिकाणी देतो आहोत, कारण शेठनी जागा चार फूट केली आहे. कडांना मेण लावायचं अजून बाकी आहे, आणि टाके भाभीच घालणार आहे. तिने मंगळ बाजारातून नळ्या स्वतः जाऊन आणल्या, आणि येताना कापडवाल्याला तीन पाकिटं विकूनही आली.